गणोजीची गाडी आणि सासू-सुनेची खिंड

एका जंगलात एक खिंड होती. खिंडीच्या अलीकडे एक भाऊ राहत होता आणि पलीकडे त्याची बहीण दिली होती. बाळांनो, गोष्ट सुरू व्हायला एवढं पुरतं. नीट मांडी घालून बसा. ज्याच्या हातात मोबाइल असेल त्यानं तो पालथा ठेवा.

भाऊ होता मुंगूस. नाव गणोजी. अंगानं सडपातळ, स्वभावानं गरीब. मुंगसाचे कान लहान असतात, पण लोक काय म्हणतात ते गणोजीला फार लांबून ऐकू यायचं.

गणोजीकडे एक छोटी गाडी होती. लांबून पाहिलं तर पत्र्याचा डबाच वाटायची, पण तिच्या चारही चाकांत जोर होता. एक चाक चिखलात रुतलं तर उरलेली तीन त्याला ओढून बाहेर काढायची. जंगलात इतका एकोपा दुसऱ्या कुठल्याच घरात नव्हता.

खिंडीच्या माथ्यावर दोन मोठे दगड समोरासमोर उभे होते. त्यांना सगळे सासू-सून म्हणत. दोघींपैकी एकही मागं सरायला तयार नव्हती. त्यांच्या मधल्या फटीतून गणोजीची गाडी जायची, तेव्हा दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं उरायची. गणोजी आरसे मिटायचा, उगाचच स्वतःचं पोट आत ओढायचा आणि पार व्हायचा.

बहीण सगुणा लग्न होऊन सासरी गेली ती याच गाडीतून. मागच्या सीटवर सगुणा, तिच्या मांडीवर तांब्याची कळशी आणि शेजारी रडणारी मावशी. त्यानंतर दर संक्रांतीला गणोजी तिळगूळ घेऊन जायचा आणि दिवस मावळायच्या आत परत यायचा. यात काही विशेष आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं. गणोजीलाही नाही.

मग एक दिवस पलीकडून निरोप आला. सगुणाला सातवा महिना लागला होता. मुंगसांचे महिने वेगळे असतात हे मला ठाऊक आहे, पण आपण आपल्या सोयीनं मोजू. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि न्यायला भावानं जायचं, ही त्या जंगलातली रीत. सातव्यात आणायचं, कारण आठव्यात पोटुशीनं वाट चालू नये म्हणत.

"मंगळवारी जा आन् घिऊन ये," आई म्हणाली. "लाडवाचा डिंक मी आणून ठिवलाय."

"जातो की," गणोजी म्हणाला, आणि चाकांत हवा भरायला गेला. बाळांनो, चूक झाली ती इथं.

हवा भरायची सोय हैबतराव मिस्त्रीकडे होती. हैबतराव म्हणजे अस्वल. त्याच्या गॅरेजसमोर उंबराखाली 'खडतर वाट मंडळ' बसायचं. मंडळात एक रानडुक्कर होतं, एक तरस होता आणि अध्यक्षपदी भालेराव वानर. प्रत्येकाकडे भली थोरली गाडी होती. दर रविवारी हे सगळे सपाट माळावर गाड्या ओळीनं लावून एकमेकांच्या गाड्यांखाली वाकून बघत. तरसाच्या गाडीला चिखल लागलेला असे. तो चिखल तो तळ्यावरून डब्यातून आणत असे.

भालेरावांनी गणोजीच्या गाडीभोवती एक फेरी मारली.

"यातून खिंड पार करणार?"

"होय. येऊन-जाऊन दहा-बारा वेळा गेलोय."

"कशी गेली?"

"हळू."

मंडळ हसलं. भालेराव हसले नाहीत. त्यांनी गणोजीच्या खांद्यावर हात ठेवला.

"गणोजीराव, जाणं वेगळं आणि तयारीनिशी जाणं वेगळं. आत गरोदर बहीण बसणार. वाटेत दगड पोटाला लागला तर?"

कुणाच्या पोटाला ते भालेरावांनी सांगितलं नाही. पण गणोजीला गेल्या संक्रांतीची आठवण झाली. उतारावर गाडीखाली एकदा 'खर्र' असं वाजलं होतं. तेव्हा त्यानं तिळगुळाचा डबा हलला असं धरलं होतं. आता तो गाडीखाली वाकून बघायला लागला.

"चार बोटं वर उचलू," हैबतराव म्हणाला. "जाड स्प्रिंगा टाकतो. येका दिसाचं काम."

मंगळवार गेला. गाडी चार बोटं वर आली. वर आल्यावर ती वळणावर डुलायला लागली. मग रुंद चाकं लागली. रुंद चाकं पत्र्याला घासायला लागली, म्हणून पत्रा कापला. कापलेला पत्रा बरा दिसेना, म्हणून त्यावर बाहेरच्या अंगाला चाकं झाकणारे काळे रुंद पंख बसवले. पुढं लोखंडी बंपर आला. बंपर आल्यावर त्यावर अडकलेली गाडी तारेनं ओढून काढायचं यंत्र नसणं भालेरावांना बरं वाटेना. यंत्रानं नाक जड झालं, म्हणून मागं वजन हवं झालं. हैबतराव दर वेळी म्हणायचा, "आता ह्येच शेवटचं." तो खोटं बोलत नव्हता. त्याला त्या त्या वेळी खरंच तसं वाटायचं.

सगुणाचा फोन यायचा. त्या जंगलात मोबाइल पोचला होता, रस्ता अजून पोचायचा होता.

"दादा, कधी येतोस?"

"चाकं बसू देत."

"मग आधी काय होतं गाडीला?"

"ती साधी होती," गणोजी म्हणायचा. आपण बहिणीसाठी किती करतोय हे तिला कळत नाही, याचं त्याला वाईट वाटायचं.

सातवा सरला. आठवा लागला, तसा गणोजी एकाएकी धार्मिक झाला.

"आठव्यात हलवू नये म्हणतात, आई."

आईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. "म्हंत्यात खरं," ती म्हणाली. डिंकाचे लाडू तिनं एकदा करून संपवले होते. आता तिनं नवा डिंक आणला.

नवव्यात गाडी तयार झाली. टपावर लोखंडी कॅरिअर, कॅरिअरवर आठ दिवे आणि पाण्यात बुडाली तरी गाडीला श्वास घेता यावा म्हणून बाजूनं वर गेलेली एक नळी. वाटेत ओढासुद्धा नव्हता. गाडी इतकी उंच झाली होती की आत चढायला गणोजीला पाट लागायचा. तो पाट त्यानं सीटखाली ठेवला होता, मंडळाला दिसू नये म्हणून.

निघायच्या सकाळी आईनं गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि मागचं दार उघडलं. बराच वेळ ती आत बघत राहिली.

"सगुणा बसायची कुठं?"

मागची सीट काढून तिथं सामान भरलं होतं. सीट घरीच ओसरीवर पडून होती.

"हे काय?"

"मोठा जॅक. फावडं. पाण्याचे कॅन. आणि हे दोन पत्रे, वाळूत चाक रुतलं तर खाली घालायला."

"खिंडीत वाळू कुठंय?"

"नाही. पण लागली तर."

आई घरात गेली, एक गोधडी घेऊन आली आणि जॅकवर चौघडी करून अंथरली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर गणोजीला बरं वाटलं असतं.

मंडळ निरोप द्यायला आलं होतं. माळ संपेपर्यंत सगळे बरोबर आले आणि जिथं चढ सुरू होतो तिथून परत फिरले.

गाडी चढायला लागली. पूर्वी ती टुणटुण करत जायची, आता कण्हत जात होती. तरीही माथा आला, आणि सासू-सून दिसल्या. गणोजीनं आरसे मिटले. पोट आत ओढलं. आणि तेव्हा, दोन महिन्यांत पहिल्यांदा, त्याच्या मनात आलं की उंची आपण रोज मोजली, रुंदी एकदाही मोजली नाही.

पण इतकं केल्यावर दगड थोडे तरी समजून घेतील असं त्याला वाटलं. त्यानं गाडी आत घातली.

करकच्, असा आवाज झाला. डावीकडे सासू, उजवीकडे सून, मधे गाडी. दारं उघडेनात. गणोजी मागच्या दारातून बाहेर आला, कॅरिअरवरून पलीकडे उतरला, पुढच्या जांभळीला तार बांधली आणि यंत्र सुरू केलं. यंत्र फार चांगलं होतं. त्यानं गाडी आणखी वीतभर आत ओढली. आता ती मागंही येईना.

गणोजीनं फोटो काढून मंडळाला पाठवला. लगेच भालेरावांचं उत्तर आलं. "जबरदस्त. एक आडवा फोटो पाठवा."

तो आडवा फोटो काढत होता, एवढ्यात पलीकडच्या उतारावरून बोलणं ऐकू आलं. सगुणा येत होती, चालत. एक हात कमरेवर, दुसरा सासूच्या खांद्यावर. सासूचं नाव मैनाबाई. सासूनं सून माहेरी पोचवायची, असं त्या जंगलात आजवर घडलं नव्हतं.

"मावशी, तुम्ही?" गणोजी म्हणाला.

"पाटेपासनं हिच्या कळा सुरू झाल्यात," मैनाबाई म्हणाली. "भाऊ येतोय येतोय म्हणून दोन म्हैने वाट बगितली. पैलं बाळंतपण म्हायेरचं. उद्या काय कमीजास्त झालं तर बोल मला लागंल. म्हणून निघालो. गाडी बाजूला घे."

"येत नाही, मावशी."

सगुणानं गाडीकडं पाहिलं. आठ दिवे, नळी, बंपर. "दादा, मोठी झाली रे गाडी," ती म्हणाली आणि तिचा चेहरा एकदम पिळवटला. कॅरिअरवरून चढून जाणं तिला शक्य नव्हतं. खिंडीला दुसरी वाट नव्हती.

मैनाबाई खाली वाकली. "खालनं जागा हाय," ती म्हणाली.

गाडी चार बोटं वर उचलल्याचा तो पहिला उपयोग. दोघी सरपटत खाली शिरल्या. निम्म्यावर गेल्यावर सगुणा थांबली.

"सासूबाई, आता पुढं नाही होणार."

मग मैनाबाईनं गाडीखालून हुकूम सोडायला सुरुवात केली. गोधडी दे. गणोजीनं गोधडी दिली. पाणी दे. त्यानं कॅन दिले. आडोसा कर. त्यानं वाळूचे दोन पत्रे आणून पुढं-मागं उभे केले. त्या दिवशी झाडून सगळं सामान कामाला आलं, एक गाडी सोडून.

गणोजी पाठ फिरवून दगडाला टेकून बसला. आतून सगुणाचं कण्हणं ऐकू येत होतं आणि त्याला भीती वाटत होती. लहानपणी बिळात पाणी शिरलं तेव्हा वाटली होती तशी. ही गेली तर आपण आईला काय सांगायचं? चाकं बसत होती म्हणून उशीर झाला, असं? त्या मंगळवारी साध्या गाडीतून निघालो असतो, तर ही आज ओसरीवर लाडू खात बसली असती. गणोजी रडला. तेव्हा फोन वाजला, पण त्यानं तो बघितला नाही.

मग एक बारीक चीं ऐकू आलं. थोड्या वेळानं दुसरं. मग तिसरं.

"मामा झालास," मैनाबाई बाहेर येत म्हणाली. "तिघं हायती. सगुणाबी धडधाकट हाय."

"पण मावशी, हे धड माहेरी नाही, धड सासरी नाही."

मैनाबाईनं पदराला हात पुसले. "गाडी कुणाची?"

"आमची."

"मग बाळंतपण म्हायेरचंच. रीत मोडली न्हाई."

उन्हं कलल्यावर ते उतरायला लागले. दोन पिल्लं मैनाबाईकडं, एक गणोजीकडं, आणि सगुणा त्याच्या खांद्याला धरून. घाटाच्या पायथ्याशी आई उभी होती. सकाळी गाडीचं दार उघडून आत बघितल्यावरच तिनं ओळखलं होतं की ही गाडी काही सगुणाला आणत नाही, आणि दुपारी ती चालत निघाली होती. तिनं गणोजीकडं बघितलं नाही. त्याच्या हातातलं पिल्लू तेवढं घेतलं.

घरी ओसरीवर गाडीची मागची सीट होती. आईनं ती झटकली, वर धुतलेलं लुगडं घातलं आणि सगुणा तिच्यावर आडवी झाली. "हीच सीट ना रे, दादा?" तिनं विचारलं. गणोजीनं मान हलवली.

पुढच्या रविवारी मंडळानं त्याचा सत्कार ठेवला. गाडी अजून खिंडीतच होती आणि त्यामुळं खिंड सगळ्यांनाच बंद झाली होती. मंडळाला इतक्या वर्षांनी खरी खडतर वाट मिळाली होती. भालेराव बोलायला उभे राहिले.

"मित्रांनो, गाडी चार बोटं उंच केली नसती, तर त्या माउलीनं कुठं जायचं होतं?"

टाळ्या झाल्या. गणोजीला आठवलं, उंच केली म्हणून रुंद चाकं लागली, आणि रुंद चाकं लागली म्हणून गाडी अडकली. हे उठून सांगावं असं त्याला मनापासून वाटलं. तो उठलासुद्धा. पण तेवढ्यात त्याच्या खांद्यावर शाल पडली. हातात नारळ आला. शाल चांगली उबदार होती.

"बोला, गणोजीराव," भालेराव म्हणाले.

गणोजीनं घसा साफ केला. "अजून दोन बोटं वाढवायचा विचार आहे," तो म्हणाला.

तात्पर्य : वेळेवर पोचणाऱ्या गाडीला कुणी हार घालत नाही. म्हणून बाळांनो, जिथं सहज जाता येतं तिथं लगेच जाऊ नये. आधी भरपूर तयारी करावी, आणि मग वाटेच्या बरोबर मधोमध, सगळ्यांना दिसेल असं अडकावं. पोचायचं काम काय, चालत येणारे करतातच.