खडकेवाडीत गडप झालेली सायकल फेरी

"या जिल्ह्यात असा एकही गुन्हा घडलेला नाही, जो विजयसिंह सरनोबत यांच्या नजरेतून सुटला."

हे वाक्य आमच्या दाजींनी स्वतः रचलं, स्वतःच्या खर्चानं कार्डावर छापून घेतलं आणि स्वतःच्याच हातानं वाटलं. त्याखाली 'गुन्हेतज्ज्ञ, रहस्यभेदक, वजनमापे निरीक्षक (निवृत्त)' एवढं सगळं आल्यामुळे फोन नंबरला जागा उरली नाही. त्यामुळे गुन्हे त्यांच्या नजरेतून सुटत नाहीत हे खरं आहे. ते त्यांच्याकडे येतही नाहीत.

मी गुरुप्रसाद, त्यांचा मदतनीस. पगारी नाही, लग्नात आलेला. आमच्या संयोगिता आक्काचं लग्न झालं तेव्हा माहेरहून एक कपाट, एक भांड्यांचा संच आणि मी असे तीन नग दाजींकडे गेले. कपाट आता कुरकुरतं म्हणून त्याला कुणी हलवत नाही. माझ्या कुरकुरीची तशी दखल घेतली गेलेली नाही.

दाजींची तपासाची एक पद्धत आहे. नोकरीत असताना त्यांनी दुकानदारांच्या तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेली चिंच शोधण्यात उभी हयात घालवली. त्यामुळे कुठलीही वस्तू समोर आली की ते ती आधी खालून बघतात. माझ्या बहिणीला बघायला आले तेव्हा पोह्यांची बशी त्यांनी उचलून खालून बघितली होती. आम्हाला वाटलं, कुठल्या कंपनीची आहे ते बघतायत.

तर त्या रविवारी सायकल फेरी होती. कोल्हापूरच्या रंकाळ्यापासून कोडोलीपर्यंत. तिच्यातून जमणारा निधी सेरेब्रल पाल्सीवरच्या संशोधनाला जायचा होता. फेरी भरवली होती आमच्याच गल्लीतल्या प्रियदर्शनीताईंनी, कारण त्यांची अवंतिका. पोरगी कॉलेजात आहे. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली, त्यामुळे हात, पाय आणि जीभ तिच्या मर्जीनं चालत नाहीत. "मेंदू हुकूम सोडतो आणि स्नायू अर्ज विचाराधीन ठेवतात," असं ती सांगते. "सरकारी खातं आहे माझं." हे वाक्य पुरं करायला तिला वेळ लागतो, पण थांबून ऐकावं असंच ती बोलते.

गेल्या वर्षी फेरीला तिच्या हातात फीत कापायची कात्री दिली होती. ती घरी येऊन आईला म्हणाली, "फीत कापायला पुढारी आहेत की. मला सायकल पाहिजे." मग उद्यमनगरातल्या कारखान्यातून तिच्या मापाची तीनचाकी बनवून घेतली, पाय बांधायला पट्टे लावले, आणि वर्षभर ती रंकाळ्यावर चालवत राहिली. यंदा कोडोलीच्या अलीकडच्या फाट्यावर तिनं फेरीला मिळायचं आणि तिथून शाळेच्या मैदानापर्यंत सगळ्यांच्या पुढं चालवत न्यायचं, असं ठरलं होतं. अडचण एकच. सकाळी तिचे पाय चोळून, ताणून मोकळे करावे लागतात, आणि ते मोकळे फार वेळ राहत नाहीत. थांबावं लागलं की स्नायू आखडतात. मग पायडल काही केल्या फिरत नाही.

दाजी फेरीचे सुरक्षाप्रमुख होते. नेमणूक त्यांनी स्वतःच केली होती. गळ्यात शिट्टी, डोळ्याला दुर्बीण.

मोठ्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या असतात म्हणून फेरी आतल्या रस्त्यानं, खडकेवाडीतून फाट्यावर यायची होती. आम्ही व्हॅननं आधीच फाट्यावर पोचलो. अवंतिका तीनचाकीवर बसली, पट्टे बांधले, तयार झाली. फाट्यावर एसटी थांबत होत्या. प्रत्येक गाडीतून नवे कपडे घातलेली पोरं, नारळाच्या पिशव्या घेतलेल्या बाया उतरत होत्या आणि खडकेवाडीच्या रस्त्याला लागत होत्या.

"एवढी माणसं एकाच दिशेनं," दाजी दुर्बिणीतून म्हणाले. "संशयास्पद आहे."

"रस्ता एकच आहे, दाजी."

"तेच तर."

एक म्हातारी अवंतिकाजवळ थांबली. चिमणाबाई तिचं नाव, ते पुढं कळलं.

"पोरी, कुणाची गं तू? आणि ही गाडी कसली म्हणायची, फटफटी का झोपाळा?"

"सायकल," अवंतिका म्हणाली.

"आगं मग चल की म्हाईला. मी नेतो तुला."

अवंतिका हसली आणि काहीतरी विचारायला लागली, तेवढ्यात दाजींनी म्हातारीची पिशवी खालून बघितली. पिशवीत नारळ होता आणि म्हातारीच्या तोंडात जे होतं ते मी इथं लिहीत नाही. ती गेली.

फेरी यायची वेळ झाली. फेरी आली नाही. त्यानंतर बराच वेळ फेरी आली नाही. चाळीसेक माणसं, तेवढ्याच सायकली आणि मागचा पाण्याचा टेंपो, यांतलं काहीच आलं नाही. प्रियदर्शनीताई फोनमागून फोन लावत होत्या. घंटी वाजायची, उचलायचं कुणी नाही.

दाजींचा चेहरा उजळला. एवढं मोठं प्रकरण त्यांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

"यात सांगलीचा हात आहे," ते म्हणाले.

"सांगलीकरांना आपली सायकल फेरी पळवून काय मिळणार?"

"समाधान."

अवंतिका म्हणाली, "काका... आज... खडके..."

"खडक. बरोबर," दाजी म्हणाले. "दरड कोसळली असणार. हा माझा दुसरा अंदाज."

"सपाट रान आहे, दाजी."

"मग बिबट्या."

"एवढ्या सगळ्यांना एक बिबट्या?"

"एक कोण म्हणतंय."

"आणि टेंपो?"

या प्रश्नावर दाजींनी मला रस्त्याच्या मोरीखाली काही पुरावा आहे का ते बघायला पाठवलं. मोरीखाली एक म्हैस होती. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला माझ्या आयुष्याचा फेरविचार करावासा वाटला.

वर आलो तर आदर्शनं फोन उचलला होता. आदर्श म्हणजे फेरीत सगळ्यांच्या पुढं असणारा, तालमीत रोज घाम गाळणारा गडी. ताईंनी फोन स्पीकरवर टाकला. त्यातून आदर्शचा कण्हण्याचा आवाज आला. "नको हो. हात जोडतो. खरंच जीव जाईल माझा." मग एक दणकट आवाज: "मागनं धर रं ह्याला. अजून दोन." आणि फोन बंद.

ताई परत फोन लावायला लागल्या.

"अजून दोन," दाजी पुटपुटले. "दोन काय? बोटं? दात? गुरुप्रसाद, हा छळ आहे. आंतरराष्ट्रीय टोळीचं काम. काही लोकांना हे संशोधन व्हायला नको आहे."

"काका..." अवंतिका म्हणाली. "म्हा..."

"महाभयंकर. अगदी माझ्या तोंडचा शब्द."

तिनं दाजींकडं बघितलं. त्या बघण्यात जन्मभराचा सराव होता, वाक्य मध्येच तोडणाऱ्यांकडं बघण्याचा. तिचा उजवा पाय पट्ट्यात वाकडा व्हायला लागला होता. ताई खाली बसून तो चोळायला लागल्या.

"दाजी," मी म्हणालो, "तिला जरा पुरं बोलू द्या."

दाजींनी शिट्टी तोंडात धरली. म्हणून ते जमलं.

अवंतिकानं सावकाश सांगितलं, "आज... खडकेवाडीची... म्हाई आहे. ती म्हातारी... म्हणाली. सगळ्यांना... जेवायला... धरलंय."

म्हाई म्हणजे गावची मटणाची जत्रा. ज्याच्या घरी त्या दिवशी पावणं कमी, त्याला वर्षभर पारावर बसायची सोय नाही. आम्ही सगळे कोल्हापूरचेच. हे आमच्या डोक्यात यायला एवढा वेळ लागला, याचं कारण शोधायला वेगळा तपास लावावा लागेल.

"अशक्य," दाजी म्हणाले. "शिकलीसवरली माणसं भर फेरीत जेवायला बसतील? टोळीनं पसरवलेली अफवा आहे ही. गुरुप्रसाद, गाडी काढ."

"मामा," अवंतिका मला म्हणाली, "लवकर... आणा. पाय... ऐकेनात आता."

खडकेवाडीच्या देवळापुढं सगळ्या सायकली ओळीनं लावलेल्या होत्या. माणूस एकही नव्हता. दाजींनी पहिली सायकल उचलून खालून बघितली, दुसरी बघितली, तिसरीला मी त्यांचा हात धरला. पुढच्या कट्ट्यावर फेरीचा पांढरा शर्ट घातलेला एक जण उताणा पडला होता. छातीवर लाल डाग.

दाजींनी टोपी काढली. "उशीर झाला आपल्याला," ते म्हणाले. मग सवयीनं त्यांनी प्रेताच्या पाठीखाली हात घातला. प्रेतानं ढेकर दिली.

तो टेंपोवाला सम्राट होता. "दाजी," तो डोळे न उघडता म्हणाला, "हलवू नका. गळ्यापर्यंत आहे सगळं."

दाजींनी डागाला बोट लावून चाटलं. "तांबडा," ते म्हणाले, आणि पुन्हा चाटलं. "तिखट बरोबर आहे."

तेवढ्यात घराघरांतून आवाज यायला लागले. कुणी वाढतंय, कुणी नको म्हणतंय, कुणी नको म्हणणाऱ्याचा हात धरतंय. फोन कुणी का उचलत नव्हतं तेही कळलं. उजवा हात रश्श्यात आणि डावा ताटावर आडवा, अशा माणसानं फोन कशानं उचलायचा?

केरबा नावाचे गावचे कारभारी धोतर सावरत आले. "या पावणं. तुमचा नंबर?"

"कसला नंबर?"

"आता काय सांगू तुमाला. लई चांगली सोय केली बगा तुमच्या लोकांनी. दर वर्साला भांडणं हुत्यात, कुणाचा पावणा कुनी वडला म्हणून. औंदा परत्येकाच्या छातीवर घर नंबर लावूनच धाडलं. सतरा नंबरचा पावणा सतरा नंबरच्या दारात. कुनाची तक्रार न्हाय."

मी घरांकडं बघितलं. प्रत्येक दारावर ग्रामपंचायतीनं रंगवलेला घर नंबर होता, आणि प्रत्येक दारापुढं सायकलवाल्याचे बूट.

"अहो, ते फेरीचे नंबर आहेत," मी म्हणालो.

"व्हय की, म्हाईची फेरीच ही."

मग केरबा दाजींकडं वळले. "तुमचा नंबर दिसंना."

"मी तपासाला आलोय," दाजी ताठ होऊन म्हणाले. "मला नंबर नाही."

ही चूक झाली. ज्याला नंबर नाही तो कुठल्याही घरचा, हे केरबांच्या लगेच लक्षात आलं आणि त्यांनी ते ओरडून गावालाही सांगितलं. दाजींना पाच-सहा दारांतून एकदम हाका आल्या. शेवटचे दिसले तेव्हा ते एका उंबऱ्यावरून मला सांगत होते, "पुरावा तपासून येतो."

मी केरबांना हात जोडले. पावण्यांना सोडा म्हणालो. त्यांनी कानावर हात ठेवले. वाढलेल्या ताटावरनं माणूस उठवायचा? असलं पाप त्यांच्या हातून व्हायचं न्हाय.

मग देवळाच्या पायरीवर चिमणाबाई दिसली. मी तिला सांगितलं, फाट्यावरची ती झोपाळ्याच्या गाडीवरची पोरगी या लोकांची वाट बघतेय. वर्षभर तयारी केलीय तिनं. पाय आखडायला लागलेत. हे आत्ता निघाले नाहीत, तर तिला उचलून व्हॅनमध्ये घालून परत न्यावी लागेल.

चिमणाबाईनं मला आधी दोन शब्द सुनावले, कारण मी पिशवीवाल्याबरोबरचा होतो. मग ती देवळात शिरली आणि तिनं माईक हातात घेतला.

"आयका रं सगळी. ज्येच्या घरात नंबरवाला पावणा हाय, त्येनं आत्ताच्या आत्ता त्येला हात धुवायला पानी द्या. एक पोरगी उनात खोळंबलीया. जो उठू देणार न्हाय, त्येच्या घरचं जेवान मी आळणी झालं म्हणून गावभर सांगीन."

खडकेवाडीत अशी धमकी पूर्वी कुणी दिली नसावी. पाणी सांडल्यासारखे सायकलवाले बाहेर आले. आदर्शला दोघांनी धरून आणला. 'अजून दोन' म्हणजे भाकरी होत्या, ते त्याच्या चालण्यावरून कळत होतं.

फाट्यावर पोचलो तेव्हा ताई रस्त्यात बसून अवंतिकाचे पाय चोळत होत्या. घाम दोघींच्या कपाळावर. सायकलवाल्यांची वरात बघून ताई उठल्या. पट्टे नीट आवळले आणि बाजूला झाल्या.

अवंतिकानं पायडलवर जोर दिला. ते हललं नाही. तिनं डोळे मिटले, परत जोर दिला. सगळे थांबले होते. तिसऱ्या खेपेला पायडल अर्ध्यापर्यंत आलं, अडकलं, आणि मग कुरकुरत पलीकडं गेलं.

"खात्यानं... मंजुरी दिली," ती म्हणाली आणि निघाली.

तिची तीनचाकी काही वेगानं जायची गाडी नव्हे. पण त्या दिवशी कोडोलीच्या रस्त्यावर तिच्याएवढी हलकी गाडी दुसरी नव्हती. मागं सगळी फेरी पोट हँडलला टेकवून डुलत येत होती. आदर्श तर उतरून चालत होता. कोडोलीकर दुतर्फा उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि पोरगी मान वाकडी करून, दात ओठांवर रोवून एकेक पायडल मारत होती. थांबत मात्र नव्हती.

सुरक्षाप्रमुख फेरीतच पाहिजे म्हणून दाजी सगळ्यांच्या मागं, सम्राटच्या टेंपोतून उतरवलेल्या जादा सायकलवर होते आणि मी त्यांच्या पुढं चालत होतो. चार घरचा पुरावा त्यांनी तपासला होता. तरी भाषण सुरूच होतं. टोळी नव्हती हे त्यांनीच कसं सिद्ध केलं. सांगलीवरचा संशय त्यांनी मोठ्या मनानं कसा मागं घेतला. जिल्ह्याच्या इतिहासात हे प्रकरण कुठं नोंदवलं जाईल.

मग आवाज थांबला. वळून बघितलं तर चेहरा घामानं थबथबलेला, एक हात पोटावर.

"गुरुप्रसाद," ते म्हणाले. "पुढं जाऊन अवंतिकाला माझा एक निरोप दे."

"बोला, दाजी."

"म्हणावं, जरा हळू चालव."