वाण परत मागू नये

"वाचनालय बंद झालं, तर ही मिशी उतरवीन!"

जयप्रकाश सर सोसायटीच्या भर सभेत म्हणाले आणि सगळ्यांनी आधी मिशीकडे पाहिलं, मग एकमेकांकडे.

मंडळी, ती मिशी साधी नव्हती! वाशीच्या शाळेत सर उभी हयात शिकवत होते, पण त्यांनी एका मुलावर कधी हात उचलला नाही. गरजच पडली नाही. मिशी जरा थरथरली की वर्गाला एकोणतीसचा पाढा आपोआप आठवायचा!

आता सर निवृत्त होते आणि त्यांचा सगळा जीव नेरुळच्या 'उंबरा वाचनालया'त होता. शिरवणे गावाच्या वेशीवरची एक खोली, चार कपाटं आणि दोन सतरंज्या. दर शनिवारी सर तिथे मुलांना गोष्ट सांगायचे. पण त्यात त्यांची एक खोड होती. गोष्ट ऐन रंगात आली, राक्षसाने गुहेचं दार उघडलं, की सर चष्मा पुसायला घ्यायचे. "शेवट पुस्तकात वाचा!" पोरं चडफडत कपाटाकडे धावायची. असे कितीतरी वाचक सरांनी तयार केले होते.

सोसायटीचा सेक्रेटरी विश्वजित मात्र वेगळ्या मताचा होता.

"सर, तुमच्या भावना समजतात. पण आता सगळं मोबाइलवर आहे. लोकांच्या कराचा पैसा कशाला धूळ झटकण्यात घालायचा? अनुदान बंद झालं की पालिका ती जागा जिमला देईल. पब्लिकला फिटनेस पाहिजे!"

"आणि ज्या पोरीच्या घरी एका खोलीत सहा माणसं नि एक टीव्ही आहे, तिने अभ्यास कुठे करायचा? तुझ्या ट्रेडमिलवर?"

टाळ्या पडल्या. पण टाळ्यांनी अनुदान टिकत नाही. मागच्या तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारला होता, "कपाटं गच्च भरलेली दिसतात, म्हणजे पुस्तकं कोणी नेतच नाही." नवी तपासणी रथसप्तमीच्या सुमाराला होती. सरांनी ठरवलं, साहेबांना रिकामी कपाटंच दाखवायची!

संधी घरातच चालून आली. अरुणाताईंचं, म्हणजे सरांच्या सौभाग्यवतींचं, संक्रांतीचं हळदी-कुंकू होतं.

"यंदा वाण काय देऊ? प्लॅस्टिकच्या डब्या देऊन देऊन वीट आला बाई!"

"पुस्तक दे," सर म्हणाले. "वाचनालयातलं. प्रत्येकीने न्यायचं, वाचायचं आणि परत आणायचं."

"परत आणायचं हे तुम्ही नीट सांगा हं. मी सांगितलं तर बरं दिसणार नाही."

"मी काय सांगतो ते बघच!"

वाचनालय सांभाळणाऱ्या संघप्रियाने कपाळाला हात लावला. "सर, सगळी पुस्तकं तुमच्या नावावर? परत आली नाहीत तर?"

"अगं, मी आहे ना!"

शनिवारच्या मुलांना सरांनी हस्तकलेचा तास म्हणून पुस्तकांना चकचकीत कागद लावायला शिकवलं. मुलांच्या अंगात उत्साह असा संचारला, की त्यांनी चारी कपाटांतली पुस्तकं गुंडाळून काढली. वर रिबिनी, रिबिनीवर फुलं! त्या धडाक्यात टेबलावर ठेवलेली, सर स्वतः वाचत असलेली खुनाची कादंबरीसुद्धा गुंडाळली गेली. तीत खूण म्हणून बसचं तिकीट होतं आणि पुढच्याच पानांत खुनी सापडणार होता!

हळदी-कुंकवाला सगळा परिसर लोटला. सर बोलायला उभे राहिले. आता शिक्षकाला "पुस्तक परत आणा" हे तीन शब्द थेट कसे सांगता येतील? त्यांनी भूर्जपत्रापासून सुरुवात केली. तिथून ते ताम्रपटावर आले. छापखान्यापर्यंत पोचले तेव्हा बायका तिळगूळ घेऊन, वाण पिशवीत टाकून, पुढच्या घरी गेल्या होत्या. "परत आणा" हे शब्द फक्त अरुणाताईंनी आणि फ्रीजने ऐकले.

दुसऱ्या दिवशी कपाटं चकाचक रिकामी! सर खूश. तेवढ्यात विश्वजित मोजमापाचा टेप घेऊन हजर.

"अरे वा, सर! तुम्हीच जागा मोकळी केलीत? या भिंतीला डंबेल्स बरोबर बसतील!"

आणि संध्याकाळी संघप्रियाचा फोन. "सर, तपासणीला या वेळी नव्या वैजयंती मॅडम आहेत. रथसप्तमीलाच येतायत. कडक आहेत म्हणे! कपाटातली पुस्तकं स्वतः हाताळून बघतात. आपल्याकडे हाताळायला फक्त कपाटं आहेत!"

सरांची मिशी थरथरली. या वेळी पाढा कोणालाच आठवला नाही.

सकाळी सर पहिल्यांदा विश्वजितच्याच घरी गेले. दार त्याच्या बायकोने, स्नेहलने उघडलं.

"स्नेहल, ते पुस्तक... जरा परत मिळेल का?"

"काका! वाण परत मागताय?" स्नेहलने छातीवर हात ठेवला. "सवाष्णीला दिलेलं वाण कोणी परत मागतं का? आई ऐकतील तर हाय खातील!"

आतून सासूबाईंचा आवाज आला, "कोण गं? कोण काय मागतंय?"

"काही नाही, काही नाही," म्हणत सर जिना उतरले. लिफ्टची वाट बघायचाही धीर राहिला नव्हता.

दुसरीकडे हेच, तिसरीकडे हेच. आपण पुस्तक मागायला नव्हे, दात उपटायला आलेले डॉक्टर आहोत, असं सरांना वाटायला लागलं. शेवटी ते शिरवणे गावात सुंदराबाईंकडे पोचले. सुंदराबाई ओट्यावर मासळी साफ करत होत्या.

"काय रं मास्तर, वान कुनी परत मागतं काय? आनि माज्याकडं हाय कुटं? भाची आलती, तिला दिलं. तिनं सासूला दिलं आसंल. वान आसंच फिरतं!"

सरांच्या डोळ्यांपुढे कपाटं तरळली. वाण फिरतं! उंबरा वाचनालय एव्हाना सीवूड्स ओलांडून पनवेलच्या वाटेला लागलं असणार!

शनिवारी तर कहर झाला. मुलं कपाटं उघडून ओरडायला लागली.

"सर, राक्षसाचं काय झालं? पुस्तक कुठाय?"

"राक्षस... हळदी-कुंकवाला गेलाय," सर पुटपुटले.

एक चिमुरडी रडायलाच लागली. सरांनी तिला जवळ घेतलं, शेवट सांगायला तोंड उघडलं आणि त्यांना गलबलून आलं. उद्या इथे डंबेल्स आले, तर ही पोरं शेवट वाचायला जाणार कुठे? मिशीचं काय, पुन्हा उगवेल!

त्या रात्री जेवण गेलं नाही. अरुणाताईंनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "एवढं काय त्यात? वाण परत मागता येत नाही. पण पुढे देता येतं की!"

"म्हणजे?"

"मागच्या वर्षी मी दिलेली चहाची गाळणी यंदा मलाच वाण म्हणून आली! कोणाला काही वाटलं का? आता वाचनालयातच हळदी-कुंकू करू. निरोप एवढाच, की ज्या बाईला यंदा पुस्तकाचं वाण मिळालंय, तिने ते इथे लुटायला यायचं. मुलांना! आणि हो, तुम्ही भाषण करायचं नाही!"

रथसप्तमीला वाचनालयाबाहेर चपलांचा डोंगर झाला. सुंदराबाई भाचीला घेऊन आल्या, भाची सासूला घेऊन आली, सासूने भिशीचा अख्खा ग्रुप आणला! ज्यांच्या कपाळाला कुंकू लागत होतं त्याही होत्या, नव्हतं त्याही होत्या. अरुणाताईंनी कोणालाच दारात अडवलं नव्हतं. संघप्रिया म्हणाली, "मला कुंकू नको ताई, तिळगूळ द्या आणि पुस्तकं इकडे द्या!" कपाटं भरायला लागली. पण अर्ध्या बायका पुस्तक द्यायला आल्या आणि सतरंजीवर बसून वाचतच राहिल्या.

"स्नेहल, देतेस ना?"

"थांबा हो काकू, शेवटचं प्रकरण राहिलंय!"

तेवढ्यात दारात एक चष्मेवाल्या बाई उभ्या राहिल्या. अरुणाताईंनी सवयीने हळदी-कुंकू लावलं, हातात तिळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, "या, बसा. वाण आणलंत का?"

"आणलंय," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी वैजयंती. तपासणीला आलेय."

पर्समधून त्यांनी चकचकीत कागदातलं एक पुस्तक काढलं. आत उंबरा वाचनालयाचा शिक्का!

"वाशीला माझ्या जावेने मला हे वाण दिलं. अनुदानावर घेतलेली पुस्तकं तुम्ही हळदी-कुंकवात वाटता? हेच विचारायचं म्हणून मी आलेय!"

विश्वजितने खिशातून टेप बाहेर काढला. तो आता लागणारच अशा खात्रीने.

सरांनी सगळं सांगितलं. या वेळी भूर्जपत्रापासून नाही. "मॅडम, चूक माझी. मला दाखवायचं होतं की इथली पुस्तकं लोक नेतात. लोकांनी जरा जास्तच लांब नेली."

वैजयंती मॅडम सतरंजीकडे बघत राहिल्या. सुंदराबाई भाचीकडून एक एक ओळ वाचून घेत होत्या. मुलं राक्षसाच्या पुस्तकावर तुटून पडली होती. बसायला जागा नव्हती, पण कोणी उठतही नव्हतं.

आणि मॅडम एकदम हसायला लागल्या! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"अहो, मी धूळ खात पडलेली पुस्तकं पाहिलीत, वाळवी लागलेली पाहिलीत. पण नेरुळहून वाशीला चालत गेलेलं पुस्तक पहिल्यांदाच पाहिलं! अनुदान चालू राहावं असंच मी लिहिणार. फक्त यापुढे रिबिनी नकोत!"

सरांनी इतका मोठा श्वास सोडला, की समोरच्या निरांजनाची ज्योत विझली. संघप्रियाने डोळे पुसले. विश्वजित बाहेर सटकत होता, पण स्नेहलने त्याच्या हातात उपम्याचा ट्रे दिला. "वाढ सगळ्यांना! तुझा फिटनेस दिसू दे!"

मॅडम निघाल्या. पुस्तक परत पर्समध्ये ठेवताना त्यातून बसचं तिकीट खाली पडलं. सरांनी ते ओळखलं आणि ते लगबगीने पुढे झाले.

"मॅडम! ही कादंबरी मी वाचत होतो. जरा... परत..."

"छे, छे!" मॅडमनी पर्सची चेन लावली. "मी आत्ताच इथली सभासद होतेय, हे घरी नेते. माझी शेवटची पानं राहिलीत. आणि वाण परत मागू नये, सर!"

"बरं, निदान खुनी कोण ते तरी..."

त्यावर सगळी पोरं एका सुरात ओरडली, "शेवट पुस्तकात वाचा, सर!"