दांडग्या अक्षरांची निकाली कुस्ती

"आप्पा, एक तरी शब्द कमी करा की. मावंना बोर्डात!"

सौंदर्यानं तिसऱ्यांदा विनवलं आणि गुरुपाद पेंटरांनी तिसऱ्यांदा मान हलवली.

"कीर्तनकार बुवांचं नाव तोडू? बोर्ड मोठा घे."

"देवळानं दहा बाय सहाच सांगितलाय."

अडचण अक्षरांच्या अंगाची होती. पस्तीस वर्षं शिवाजी पेठेतल्या तालमींचे आणि कुस्त्यांच्या मैदानांचे बोर्ड आप्पांनीच रंगवले होते. त्यांचं अक्षर म्हणजे दूध-बदामावर वाढलेलं. 'क'चे दोन्ही गाल फुगलेले, 'ग' शड्डू ठोकून उभा, आणि जोडाक्षर म्हणजे एक गडी दुसऱ्याच्या खांद्यावर. "बारीक अक्षर काय, मुंगीबी काढंल पायानं," असं त्यांचं म्हणणं. पुढं फ्लेक्स आले आणि आप्पांचे ब्रश डब्यातच वाळले. मग सौंदर्या पुण्याहून डिझाइन शिकून आली. बापाच्या जुन्या बोर्डांचे फोटो काढत ती आठ महिने पेठ हिंडली, एकेक अक्षर कॉम्प्युटरवर चढवलं आणि अख्खा टाईप, म्हणजे फॉन्ट, उभा केला. त्याचं नाव ठेवलं 'दांडगा'.

दांडग्याचं पहिलं काम महादेवाच्या देवळातल्या कीर्तनाचं असावं, हा आप्पांचा हट्ट. त्याला कारण होतं. गेल्या वर्षी कीर्तनाला अकरा माणसं आली होती. त्यातली दोन झोपली आणि एक प्रसादासाठी थांबलेलं. देवळाच्या कमिटीचे विजयसिंह यांनी यंदा साफ सांगून टाकलं होतं, "गुरुपाद, ह्या वर्षी माणसं आली न्हाईत, तर पुढच्या वर्षी ऑर्केस्ट्रा." हे ऐकून आप्पांना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. लहानपणी आईच्या मांडीवर बसून त्यांनी पहिलं कीर्तन ऐकलं, तेव्हापासून त्यांची पहिल्या रांगेतली जागा कधी चुकली नव्हती.

अखेर सौंदर्यानं वाट काढली. वर 'श्रीशैल कागलकर', त्याखाली आख्यानाचं नाव 'गजासुरवध'.

"वध मावत न्हाय, आप्पा."

"मग खाली घे. वध काय, शेवटीच असतोय."

अशा रीतीनं 'वध' खाली गेला. त्याच्या सोबतीला 'बुवा' गेले, 'कीर्तन'ही गेलं. दिवस, वेळ आणि देवळाचं नाव एका कडेला उभं राहिलं. बोर्ड चौकात लागला आणि सरबतवाल्यानं आपली मोठी छत्री नेमकी तळच्या ओळीपुढं उघडली.

आता कोल्हापूरचा माणूस गाडीवरून जाताना बोर्ड वाचत बसत नाही, अक्षराचं अंग बघतो. नाजूक अक्षर दिसलं की लग्न, आणि मांड्या भरलेलं दिसलं की कुस्ती. इथं तर दोन नावं, एकाखाली एक, दोन्ही तुल्यबळ!

रविवारी पाच वाजता देवळाच्या पटांगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. फेटे आले, मिशा आल्या, दोन हलगीवाले आले. दीपमाळेवरसुद्धा माणसं चढली. विजयसिंह धापा टाकत आले.

"गुरुपाद, काय लिवलंयस रं?"

"कीर्तन," आप्पा म्हणाले. पण ते गर्दीच्या गोंगाटात बुडालं.

तेवढ्यात एका फेटेवाल्यानं त्यांना ढोसलं. "पावणं, त्यो गजासुर कुठला म्हणायचा?"

आप्पा खोटं बोलत नसत. "काशीकडचा."

"काशीचा? मग रबडीवर पोसलेला असणार. कागलचं पोरगं टिकतंय का न्हाय कुणास ठावं!"

आणि श्रीशैलबुवा आले. वजन अठ्ठेचाळीस किलो, हातात चिपळ्या, खांद्यावर उपरणं.

"ह्यो पंच दिसतोय."

"न्हाय गा, कागलकर ह्योच!"

पटांगणात गदारोळ उठला. "फशिवलं! चला रं!" माणसं उठू लागली. आपल्या अक्षरांनीच कीर्तन बुडवलं, असं मनाशी म्हणत आप्पा हात जोडून उभे राहिले.

बुवांनी एकवार गर्दीकडं बघितलं. चिपळ्या खाली ठेवल्या, धोतराचा काच्या मारला आणि खाडकन शड्डू ठोकला.

"मंडळी! जोड विषम हाय, मान्य. समोर हत्ती हाय. पर निकाल लागल्याबिगर मैदान सोडायचं न्हाय, ही रीत कुणाची? कोल्हापूरची का दुसऱ्या कुणाची?"

रीतीचं नाव निघाल्यावर उठतंय कोण? माणसं खाली बसली. बुवांनी महादेव आणि गजासुर यांची अशी काही झुंज लावली की यंव! डावामागून डाव, ढाक आली, धोबीपछाड आली. हलगीवाल्यांचे हात आपोआप चालू झाले. महादेवानं हत्तीला चारी मुंड्या चीत केलं, तेव्हा आठशे माणसं "हर हर महादेव" म्हणत उभी राहिली. मग बुवा एकदम हळू आवाजात म्हणाले, "बाबांनो, त्यो हत्ती भाईर न्हवता. त्येचं नाव 'मी'. छातीत बसतोय आन् फुगतोय. त्येला पाडा, मग खरी निकाली कुस्ती." फेटेवाल्याच्या डोळ्यांना पाणी आलं. आप्पांनी तर तिथंच कान धरले.

आरती झाल्यावर विजयसिंह आप्पांच्या गळ्यातच पडले. "ऑर्केस्ट्रा क्यान्सल! पुढच्या वर्षी दोन दिवस कीर्तन. आन् बोर्ड ह्याच अक्षरात!"

आप्पांनी बुवांच्या पायावर डोकं ठेवलं. बुवांनी त्यांच्या कपाळाला भस्म लावलं आणि हसत विचारलं, "काय पेंटर, गेला का गर्व?"

"गेला की, म्हाराज. माझा सगळा गेला." आप्पांनी पटांगणाच्या टोकाला बघितलं. तिथं चार पैलवान सौंदर्याभोवती उभे राहून आपल्या तालमीचं नाव दांडग्यात कसं दिसेल ते विचारत होते. आप्पांची छाती पुन्हा हळूहळू वर आली.

"पोरीचा हाय, त्यो मात्र ऱ्हाऊ द्या."