माहेरी दीर्घ मुक्काम

रुपराव काळमेघ यांनी आपल्या बायकोला माहेरी पाठवलं ते निळ्या बॉलपेनने, जानेवारीतल्या एका मंगळवारी, वरणाला फोडणी देऊन झाल्यावर. बायकोला याचा पत्ता नव्हता. ती त्या वेळी कामठीच्या दवाखान्यात ड्यूटीवर होती आणि संध्याकाळी नेहमीच्या बसने नागपूरला, नंदनवन वस्तीतल्या घरी परत येणार होती.

झालं होतं असं की, रुपराव ज्या गिरणीत कापड तपासायचे तिला टाळं लागून आठ महिने उलटले होते. सत्यवतीची नर्सची नोकरी मात्र चालू होती. तेव्हा ती बाहेर आणि हे घरात, अशी वाटणी आपोआप झाली. दुसरा एखादा पानठेल्यावर जाऊन बसला असता. रुपरावांनी लुंगी खोचली आणि घर ताब्यात घेतलं. वीस वर्षं कापडातला एकेक दोष शोधलेला माणूस तो, त्याला घरात दोषच दोष दिसले. चहा अंदाजाने पडत होता तो चमच्याने पडू लागला. धुणं आधी भिजवायचं किती आणि घासायचं कुठे, याचे नियम ठरले. सात वर्षांच्या गोपिकाच्या दोन्ही वेण्या पहिल्यांदाच एका लांबीच्या दिसू लागल्या. दोन महिन्यांत ते गल्लीतल्या बायकांना न विचारता सल्ले देऊ लागले, आणि वाईट म्हणजे ते सल्ले बरोबर निघायचे.

एकच गोष्ट त्यांना सलायची. दर सोमवारी सत्यवती त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पाच रुपये ठेवून जायची. बोलायची काही नाही. तिने एखादा टोमणा मारला असता तरी बरं वाटलं असतं, पण ती नुसती ठेवायची. आपल्या पानाचे पैसे आपले असावेत एवढीच त्यांची मागणी होती, आणि ती मागावी कोणाकडे हे त्यांना कळत नव्हतं.

अशात वर्तमानपत्रात जाहिरात आली. गृहिणींनो, घरबसल्या कमवा. मुंबईची एक कंपनी दर महिन्याला बारा पानांची प्रश्नावली पोस्टाने पाठवणार होती. घरात साबण कोणता, चहा किती, दंतमंजन बदललं तर का बदललं, असले प्रश्न. भरून पाठवली की पंधरा रुपयांची मनिऑर्डर. ही योजना फक्त गृहिणींसाठी होती. रुपरावांनी 'फक्त' हा शब्द वाचला आणि पुढे गेले. नावाच्या जागी बायकोचं नाव घातलं आणि उत्तरं स्वतःची लिहिली. धुण्याच्या पावडरीबद्दल मत द्यायला दोन ओळींची जागा होती. त्यांनी चार पुरवण्या जोडल्या.

मनिऑर्डर आली, तीही सत्यवतीच्याच नावाने. पोस्टमन देवाजी म्हणाला, सही त्यांचीच लागेल, नाहीतर त्यांची चिठ्ठी आणा. आता चिठ्ठी मागायची तर सगळं सांगावं लागणार, आणि मग हे पंधरा रुपयेही तिच्याच हातून खिशात येणार. रुपरावांना तेच नको होतं.

"देवाजी, तू मले रोज पाहून राहिला ना गा?" त्यांनी विचारलं.

"तुमाले पाहतो ना भाऊ. पण तुमच्यात सत्यवतीबाई कुठी दिसत नाही," देवाजी म्हणाला आणि सायकलवर बसला.

मनिऑर्डर परत मुंबईला गेली. रुपराव खचणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं, की यापुढे पैसे रुपराव काळमेघ या नावाने पाठवावेत. कंपनीने उत्तरादाखल एक छापील फॉर्म पाठवला. वर लिहिलं होतं, गृहिणी बदलल्याचं कारण. खाली तीन चौकोन होते. मृत्यू. घटस्फोट. माहेरी दीर्घ मुक्काम.

रुपरावांनी पुष्कळ विचार केला. पहिला चौकोन वाचूनच त्यांनी देवाला हात जोडले. दुसऱ्याला कोर्टकचेरी लागते. तिसरा त्यातल्या त्यात सोज्वळ होता. शिवाय सत्यवतीचं माहेर कामठीतच होतं, दुपारचा डबाही ती आईकडे जाऊनच खायची. म्हणजे अगदीच खोटं नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं, खूण केली आणि पाकिटाला डिंक लावला. इथे विषय संपला असं त्यांना वाटलं.

दहा दिवसांनी कंपनीच्या तपासनीस इंदुताई नागपुरात उतरल्या. गृहिणी बदलली की खात्री करायची, आणि ती आधी दोन शेजाऱ्यांकडे करायची, मग घरी, असा त्यांच्या कंपनीचा नियम होता. त्या दुपारी तीनला पहिल्यांदा तुळसाबाईंच्या दारात उभ्या राहिल्या.

तुळसाबाई म्हणजे रुपरावांच्या भिंतीला भिंत. गल्लीतली कुठलीही गोष्ट आधी त्यांना कळायची आणि मग घडायची. एखादी बातमी आपल्याला माहीत नाही असं कबूल करण्यापेक्षा त्यांनी चार दिवस उपास काढला असता. इंदुताईंनी विचारलं, सत्यवतीबाईंना माहेरी जाऊन किती दिवस झाले? त्याच सकाळी तुळसाबाईंनी सत्यवतीला बसकडे जाताना पाहिलं होतं. त्या गडबडल्या, पण घटकाभरच.

"झाले असतीन दोन महिने," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी ब्याग घेऊन जाते ना, थोडं थोडं सामान नेऊन राहिली."

मग संध्याकाळी परत येतात त्या कशाला, असं इंदुताईंनी विचारायच्या आतच तुळसाबाईंनी तेही सांगून टाकलं. लेकरांसाठी येते, आईचं काळीज आहे. इंदुताईंनी सगळं लिहून घेतलं. त्या समोरच्या मनकर्णाबाईंकडे पोचेपर्यंत बातमी मागच्या दाराने तिथे आधीच पोचली होती, त्यामुळे मनकर्णाबाईंची साक्ष तुळसाबाईंपेक्षाही सरस झाली. त्या घरातून रोज भांडी आपटल्याचा आवाज येतो, असं त्यांनी सांगितलं. आवाज खरा होता. पातेलं आरशासारखं होईपर्यंत रुपराव त्याला सोडत नसत.

इंदुताई घरी आल्या तेव्हा रुपरावांनी त्यांना बसवलं, मापाने चहा केला आणि विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाऊण तास दिलं. तीन पांढरी फडकी काढून दाखवली, तिन्ही वेगवेगळ्या पावडरींनी चार-चार वेळा धुतलेली, कोपऱ्यात तारखा घातलेल्या. कोणती पावडर हाताला चावते, कोणती बादलीच्या तळाशी बसते, कोणत्या पुड्यात वजन कमी भरतं, सगळं सांगितलं. इंदुताईंचा हात लिहून लिहून दुखायला लागला. अकरा वर्षांत आपण शेकड्याने स्वयंपाकघरं पाहिली, पण अशी उत्तरं कुठे मिळाली नाहीत, असं त्या मनापासून म्हणाल्या. घरात गृहिणीच नसेल तर कंपनी पुरुषाचं नाव घेते. इंदुताईंची एक सही झाली की नाव पक्कं आणि परत गेलेली मनिऑर्डरही पुन्हा निघणार. रुपरावांची छाती आठ महिन्यांत प्रथमच गिरणीत होती तेवढी झाली.

तेवढ्यात गल्ली यायला लागली. बायकोने टाकलेल्या माणसाच्या घरी चूल पेटली नसेल म्हणून कोणी झुणका आणला, कोणी भाकरी. तुळसाबाईंनी वांग्याची भाजी आणली आणि रुपरावांच्या धाकट्या पोराला मांडीवर घेऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवायला सुरुवात केली.

"रुपराव, रडायचं असन तर रडून घे बाप्पा. मोकळं वाटते," त्या म्हणाल्या.

रुपरावांना काही उमगेना. त्यांनी भाजी चाखली आणि तेल जास्त झालं आहे असं सांगितलं. माणूस दुःख गिळतो तो असा, म्हणून मनकर्णाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

आणि दारात सत्यवती आली. घर माणसांनी भरलेलं, बायकांचे पदर डोळ्यांना, पोरगं दुसऱ्याच्या मांडीवर. नर्स असल्यामुळे तिने आधी डोकी मोजली. गोपिका होती, धाकटा होता, नवरा उभा होता. सासूबाई गावी होत्या. तिने उंबऱ्यावरूनच विचारलं, "कोण गेलं वं?"

"तूच गेली ना," तुळसाबाई म्हणाल्या.

कोणी हसलं नाही. इंदुताईंनी पेनाचं टोपण काढलं होतं, सही तेवढी राहिली होती. त्यांनी मान वर करून विचारलं, "या कोण?"

सगळ्यांनी रुपरावांकडे पाहिलं. ही माझी बहीण, एवढं म्हटलं असतं तर निदान पाच मिनिटं तरी निभावलं असतं, आणि सहीला पाच मिनिटं लागत नाहीत. रुपरावांच्या मनात ते आलंही. पण बायकोला कागदावर माहेरी पाठवणं निराळं आणि ती दारात दमून उभी असताना तिला नाकारणं निराळं. ते त्यांच्याने होईना.

"हे माझी बायको आहे बाई," ते म्हणाले. "सत्यवती. हे कुठी गेली नाही. मीच लिहिलं तसं."

मग त्यांनी सगळंच सांगितलं. जाहिरात, मनिऑर्डर, तीन चौकोन. गल्ली कान देऊन ऐकत होती. शेवटी जे सांगायचं नव्हतं तेही तोंडातून गेलं. "सोमवारचे पाच रुपये मले तुझ्याकडून घेववत नव्हते," असं ते तिच्याकडे न पाहता म्हणाले, आणि बोलल्यावर त्यांना फार लाज वाटली.

इंदुताईंनी टोपण लावलं. त्यांना वाईट वाटलं, पण नियम तो नियम. गृहिणी घरात आहे, तर उत्तरं तिनेच द्यायला हवीत. त्यांनी वही सत्यवतीकडे वळवली आणि घरात महिन्याला चहा किती लागतो ते विचारलं. सत्यवती बॅग खाली ठेवून पाटावर बसली. नवऱ्याकडे तिने एकदा पाहिलं. काहीही आकडा सांगता आला असता.

"मले नाही माहीत," ती म्हणाली.

धुण्याची पावडर कोणती, तेही तिला माहीत नव्हतं. दंतमंजन कोणतं, तर डबी लाल असते, एवढंच तिने सांगितलं.

"मी या घरात राहते बाई," ती म्हणाली, "पण घर हे चालवतात. चहाचा डबा कुठी असते हे मले विचारावं लागते. तुमच्या कागदावर गृहिणी लिहायचं असन तर याईचंच नाव लिहा. सही मी देते."

कोणा बाईने आपलं घरातलं पद असं चारचौघींत सोडून दिल्याचं त्या गल्लीने कधी ऐकलं नव्हतं. मनकर्णाबाईंच्या हातातली भाकरीची टोपली तशीच राहिली. इंदुताईंनी फॉर्म पुढे ओढला, तिन्ही चौकोन खोडले आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिलं, की या घरची गृहिणी रुपराव काळमेघ हे असून पत्नीला ते मान्य आहे. सत्यवतीने सही केली. तिची सही नेहमीपेक्षा मोठी आली. रुपरावांचे डोळे भरले, म्हणून ते चुलीकडे तोंड करून पुन्हा चहा ठेवायला लागले.

इंदुताई गेल्या. बायका उठल्या. तुळसाबाईंचा मात्र पाय निघत नव्हता. हातची बातमी गेली होती आणि मोबदल्यात काहीतरी मिळाल्याशिवाय घरी जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. संक्रांत झाली होती आणि रविवारी त्यांच्याकडे बायकांना बोलावणं होतं. दारात थांबून त्या म्हणाल्या, "म्हणजे आता हळदी-कुंकवाले बोलवायचं कोणाले वं? तुले का याले?"

बायकांनी तोंडाला पदर लावले. रुपराव वळले. त्यांनी प्रश्नाचा नीट विचार केला.

"मले सांगा," ते म्हणाले. "कुंकू हिले लावा, पण वाण मी पाहून घेईन. मागच्या साली तुमी दिलेली गाळणी दोन महिन्यांत फाटली. हिले त्यातलं समजत नाही, हिनं घेऊन घेतली."

यंदाही तुळसाबाईंनी त्याच दुकानातून तशाच दोन डझन गाळण्या आणून ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गाळण्या बदलायला निघाल्या, तेव्हा आधी भिंतीपलीकडे हाक मारून त्यांनी रुपरावांना सोबत घेतलं.