लेप पक्का होईल इतकं ऊन

अकोल्याच्या पशुसंवर्धन खात्याचा फिरता दवाखाना फिरत नव्हता. कारण तांत्रिक होतं. गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या सायलेन्सरच्या पाइपावरचा उष्णतारोधक लेप पापुद्रे सुटून गळून पडला होता. पाइपाची धग पत्र्यातून वर येई आणि वर नेमकी लसींची बर्फपेटी होती. जनावरांपर्यंत पोचेतो लसीचा काढा होई. सबब गाडी 'औष्णिकदृष्ट्या अस्वस्थ' ठरवण्यात आली आणि आदेश निघाला : नवा लेप लागून तो मंजूर होईपर्यंत इंजिन सुरू करू नये.

आणखी एक जुना नियम होता. मे महिन्याअखेर गाडी उभीच राहिली, तर कंत्राटी चालकाचं पद गोठवावं. अकोल्यात मे महिन्यात आपोआप गोठू शकणारी ही एकमेव वस्तू होती आणि ती संघपाल तायडेची होती.

म्हणून बार्शीटाकळीचा संघपाल रोज सकाळी अकोल्याला येई, उभ्या गाडीचं स्टिअरिंग पुसून काढी आणि साहेबांच्या दाराशी जाऊन बसे. साहेब म्हणजे डॉ. निरगुडकर. पुण्याहून बदलून आलेले, सज्जन. डोक्यावर ओला पंचा ठेवून सही करत.

लेप निवडायला बैठक बसली. नमुने चार.

काळा लेप. साहेबांनी तो बाजूला सारला. काळा रंग ऊन शोषतो, हे त्यांनी शाळेत शिकलेलं होतं. पाइप गाडीखाली असतो, तिथे जन्मात ऊन पोचत नाही, असं संघपालने सांगितलं. (शेरा : नोंद घेतली.)

रुपेरी लेप. चमकतो. चमकीने बैल बुजतील. (शेरा : गाडी येताना बैल खाली वाकून बघत नाही, या चालकाच्या म्हणण्यास पुरावा नाही.)

पाइपाला गुंडाळायची उष्णतारोधक पट्टी. ही सगळ्यांना पसंत पडली होती. पण खात्यात पट्टी फक्त औषध भांडारातून मिळते, भांडार चिठ्ठीशिवाय पट्टी देत नाही आणि पाइपाला जखम झाल्याचं लिहून द्यायला एकही पशुवैद्य तयार होईना.

उरला राखाडी सिरॅमिक लेप. त्याच्याविरुद्ध कोणी बोललं नाही, कारण त्याचा डबा कोणी उघडला नव्हता. लेप एकमताने निवडला गेला.

पाइप सुटा करून, घासून लेप लावला. छान वाळला. मग मुख्य लिपिक रागिणी मॅडमनी डबा फेकण्यापूर्वी त्याच्यावरचा मजकूर मोठ्याने वाचला :

*लेप वाळल्यानंतर भाग गाडीला बसवून इंजिन टप्प्याटप्प्याने चालवावे व भाग दोनशे अंशांपर्यंत तापू द्यावा. तोपर्यंत लेप कच्चा समजावा.*

डबा फेकायचा राहिला.

लेप तापवल्याशिवाय पक्का होणार नाही. पक्का झाल्याशिवाय मंजूर होणार नाही. मंजूर झाल्याशिवाय इंजिन सुरू होणार नाही. आणि इंजिन सुरू झाल्याशिवाय

हे वाक्य कार्यालयात अजून प्रलंबित आहे.

उपाय सगळ्यांना माहीत होता. संघपालला होता, मॅडमना होता, चहा आणणाऱ्याला होता. अर्धा तास इंजिन चालवायचं, संपलं. संघपालने ते सांगितलंही.

"मलाही कळतं, तायडे," साहेब म्हणाले. "पण मला कळणं म्हणजे आदेश नव्हे."

तेव्हा संघपालचं डोकं सटकलं.

"मंग इंजिन कायले पाह्यजे, साहेब? अकोल्याचं ऊन काय मेलं का? ठेवा पाइप गच्चीवर. असा भाजून निघते दुपारपर्यंत, का इंजिनच्या बापाले जमणार नाई."

हा टोमणा होता. एखादा वऱ्हाडी साहेब असता तर हसून विषय सोडता. पण निरगुडकरांनी रागिणी मॅडमकडे पाहिलं आणि मॅडम, ज्यांच्या तीन पिढ्या अकोल्यात गेल्या, गंभीरपणे म्हणाल्या, "हे मात्र खरं आहे, सर." शिपायानेही मान हलवली. खरं सांगायचं तर बोलून झाल्यावर संघपाललाही ते पटलं होतं. आपल्या उन्हाला कमी लेखणारा माणूस या जिल्ह्यात जन्मत नाही.

आदेश निघाला : पाइप गच्चीवर ठेवावा. वाहनाचा भाग जिथे, तिथे चालकाने हजर राहावं.

संघपाल डोक्याला दुपट्टा बांधून पाइपाशेजारी बसला. खात्याकडे तापमापक होता, पण तो बैलाचा. बैलाला जितका ताप येऊ शकतो तितका दाखवून तो तडकला. पाइपाला सणकून ताप असल्याची नोंद झाली. मग कुठूनसा मोठा मापक आणला. भर दुपारी त्याने अडुसष्ट दाखवले.

"दोनशेला कमी पडतात," साहेब जिन्याच्या सावलीतून म्हणाले.

"आज ढगं होते," संघपाल म्हणाला. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

शेजारच्या घरच्या पंचफुलाबाई रोज गच्चीवर कुरोड्या वाळवत. अकोल्याचं ऊन कमी पडल्याचं त्यांना समजलं आणि त्यांना अपमान वाटला. त्या घरातल्या स्टीलच्या पराती घेऊन आल्या, पाइपाकडे तोंड करून उभ्या केल्या. दुसऱ्या दिवशी गल्लीतले आरसे आले. कोणी बुलेटचे आणले, कोणी लग्नातल्या कपाटाचं दारच उचकटून आणलं. पाइप एकाहत्तरवर गेला. मधल्या मध्ये कुरोड्या पहिल्याच प्रयत्नात पक्क्या होऊन मंजूरही झाल्या.

अहवाल अमरावतीच्या विभागीय कार्यालयाला गेला. तिथले भगवंतराव निवृत्तीला आलेले, नेमस्त लिपिक. त्यांनी लगेच फोन लावला.

"तुमचं ऊन पाणचट आहे, रागिणीताई," ते म्हणाले. "बडनेऱ्याच्या आपल्या गोदामाच्या टिनावर पाठवा. एका दिवसात पक्का करून देतो."

पाइप अमरावतीजवळच्या बडनेऱ्याला निघाला. वाहन बंद असल्याने तो पॅसेंजरने, संघपालच्या मांडीवर. बडनेऱ्याच्या टिनावर पाइप त्र्याहत्तर भरला. परतीच्या प्रवासात संघपालने आकड्याचा कागद तीनदा उघडून पाहिला. नोकरी जाते का राहते हा एक भाग झाला. पण त्र्याहत्तर?

अकोल्यात खळबळ उडाली. बडनेरा जंक्शन आहे, तिथे रेल्वेच्या इंजिनांची धग पाइपाने धरली, हा उघड अन्याय आहे, असं मोबाइलवर फिरू लागलं. 'ऊन अस्मिता कृती समिती' स्थापन झाली. तिने गच्चीवर मांडव घालायचं ठरवलं. मांडवाने ऊन अडेल हे ध्यानात आल्यावर मांडव शेजारच्या गच्चीवर घातला. तिकडे अमरावतीकडच्या भातकुलीहून एक ट्रॅक्टर भरून आरसे बडनेऱ्याला रवाना झाले. दोन्हीकडे भाषणं झाली. दोन्हीकडे भाषण ऐकताना चार माणसं चक्कर येऊन पडली आणि ती चक्करही आपापल्या जिल्ह्याच्या खात्यावर जमा झाली.

या काळात दवाखाना फिरत नव्हता, ही बाब कोणाच्या लक्षात आली नाही. खेड्यांतून एक-दोन माणसं चौकशीला आली होती. त्यांच्या म्हशींना लस हवी होती. त्यांना गच्चीवर नेऊन पाइप दाखवला. समाधानाने परत गेली.

वाद मिटेना, तेव्हा खात्याने न्याय्य तोडगा काढला. दोन्ही शहरांत एकाच दुपारी चाचणी घ्यावी. पाइप एकच असल्याने तो मधोमध कापून अर्धा अकोल्याला, अर्धा अमरावतीला द्यावा.

संघपालने आदेश वाचला. मग तो साहेबांकडे गेला.

"साहेब, पाइप कापला, तर गाडीले काय लावसान?"

"तो पुढचा टप्पा आहे, तायडे."

"आन् माहं पद?"

साहेबांनी डोक्यावरचा पंचा नीट केला. ते सज्जन होते, त्यांना वाईट वाटलं होतं. तेही त्यांनी नोंदीत घ्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी, भर उन्हात, सगळ्यांदेखत, संघपाल पाइप घेऊन गच्चीवरून खाली उतरला. गाडीखाली शिरला. पाइप बसवला आणि किल्ली फिरवली. डब्यावर लिहिलं होतं तसं इंजिन थोडं चालवलं, थंड होऊ दिलं, पुन्हा चालवलं. सायलेन्सरमधून आधी धूर आला, मग वास, मग काही नाही. त्याने नखाने खरवडून पाहिलं. लेप दगड झाला होता. अंगणात जमलेल्या लोकांनी वाकून गाडीखाली पाहिलं. एवढ्यातच झालं, हे कोणालाच आवडलं नाही.

चौकशी बसली. लेप पक्का झाला आहे, हे चौकशी समितीने मान्य केलं. परंतु तो निवडलेल्या उष्णतेने पक्का झालेला नाही. कृती समितीने वेगळं निवेदन दिलं : चालकाने जिल्ह्याच्या उन्हाच्या हातातोंडाशी आलेला विजय हिरावला. निवेदनावर पहिली सही पंचफुलाबाईंची होती. अमरावतीनेही निषेध नोंदवला. इतक्या वर्षांत दोन्ही जिल्ह्यांचं प्रथमच एका गोष्टीवर एकमत झालं.

निर्णय असा : लेप खरवडून काढावा, नवा लावावा, पाइप रीतसर कापावा. गाडी उभी राहील. पद गोठलं.

संघपाल संध्याकाळी घरी आला. आई, पार्वताबाई, ओसरीवर बसली होती. त्याने चप्पल काढली आणि सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, त्याला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला.

"गेली तं गेली नोकरी," ती म्हणाली. "लोकाईच्या गाड्या हायेत, पोट भरशीन." मग हळूच, "काहून रे, पर आखरीले आपलं ऊन किती भरलं?"

पुढे चौकशा फार येऊ लागल्या, म्हणून कार्यालयाने दोन खिडक्या उघडल्या. पहिलीवर पाटी : अकोला की अमरावती, अंतिम आकडा. दुसरीवर पाटी : बंद दवाखाना व चालकाविषयी विचारपूस.

दुसऱ्या खिडकीशी संघपाल उभा असतो, एकटाच. त्याच्या नावाची विचारपूस त्याला स्वतःला करता येत नाही, असं त्याला कळवण्यात आलं आहे. गर्दी नसल्याने ती खिडकी सोमवारपासून बंद होईल.

पहिल्या खिडकीची रांग फाटकाबाहेर गेली आहे. आकडा अजून आलेला नाही. तोवर तुम्हीही जरा पुढे सरका, आणि तुमच्या हातातल्या या पुस्तकाचा कोपरा मागच्या माणसाला टोचतोय, तो आत घ्या.