हेवी ड्यूटी पट्टा

व्यायामाचं सामान आणायला मी स्वतः गेलो, तिथेच सगळं बिघडलं. बायको म्हणत होती, येता-जाता मी घेऊन येईन. पण मी पडलो ऑफिसातल्या खरेदी विभागाचा माणूस. पंखे, खुर्च्या, कुलपं, पायपुसणी, सगळं माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय आमच्या ऑफिसात येत नाही. (पायपुसणं कसं निवडावं, यावर मी एकदा छोटंसं भाषणही दिलं होतं. ऐकायला शिपाई एकटाच होता, पण शेवटपर्यंत थांबला.) अशा माणसाला स्वतःच्या पोटासाठी एक वस्तू घेता येऊ नये?

पोटाचं आधी सांगतो. आमच्या डॉक्टरांनी ते तपासलं, म्हणजे नुसतं लांबून पाहिलं, आणि म्हणाले की गोळ्या इतक्यात नकोत. घरच्या घरी साधासा व्यायाम करा, दोन महिन्यांनी बघू. मी मान डोलावून उठणार, एवढ्यात बायकोनं त्यांच्यासमोरच जाहीर केलं की फरक पडला नाही तर मी दादाला बोलावून घेणार.

दादा म्हणजे माझा मेव्हणा. शाळेत पीटीचे मास्तर होते. मास्तर रिटायर झाले, त्यांची शिट्टी झाली नाही. त्यांच्या घरात माणसं शिट्टीवर उठतात, शिट्टीवर दात घासतात आणि दुसरी शिट्टी होईपर्यंत चूळ भरत नाहीत. मागच्या खेपेला आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी मला गच्चीवर गोल गोल पळवलं होतं, आणि समोरच्या इमारतीतली मंडळी गॅलरीत खुर्च्या टाकून बसली होती. त्या माणसाला मी भितो. उघड सांगतो, त्यात लाज कसली.

आणि मी एकटाच भीत नव्हतो. सासूबाई, म्हणजे या मास्तरांची सख्खी आई, तेव्हा आमच्याकडे मुक्कामाला होत्या. निमित्त खांद्याचं. उजवा खांदा असा आखडला होता की हात कानाच्या वर जाईना; वेणीसुद्धा माझी बायको घालून द्यायची. फिजिओथेरपीच्या बाईंनी ओढायचे-ताणायचे व्यायाम शिकवले होते, पण 'या वयात मला काय कुस्ती खेळायचीय' म्हणून सासूबाईंनी ते दुसऱ्याच दिवशी सोडले. आमच्याकडे येण्याचं खरं कारण त्यांनी मला एकदा चहा पिताना, बायको आत गेल्यावर सांगितलं.

"जावईबापू, तेवढं पोट कमी करा हो," त्या म्हणाल्या. "तो इथं आला तर मी कुठं जाऊ?"

त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. मी त्यांना शब्द दिला.

दुकानात गेलो. तिथे वजनं होती, उड्या मारायच्या दोऱ्या होत्या, आणि कितीही पाय मारले तरी कुठेच न जाणारी एक सायकल होती. (तिच्याकडे बघून मला ऑफिसची आठवण झाली.) मी सगळं पारखून रबरी पट्टा निवडला. साधा, घडी करून खिशात मावणारा, न गंजणारा, पायावर पडला तरी न लागणारा. इथपर्यंत माझी निवड चोख होती, हे माझे शत्रूही मान्य करतील.

घोडं अडलं रंगावर. दुकानातल्या बाईंनी समजावलं की पिवळा सगळ्यात नरम, नवशिक्यांसाठी. मग लाल, हिरवा, निळा असे चढत जातात. आणि काळा सगळ्यात कडक, तो पैलवान नेतात. एवढं सांगून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं (मध्यावर जरा थांबल्या) आणि पिवळा पुढे केला.

आता आमच्या विभागाचा एक बाणा आहे. वस्तू कुठलीही असो, घ्यायची ती हेवी ड्यूटी. आमच्या ऑफिसातल्या टाचण्यासुद्धा हेवी ड्यूटी आहेत. त्या कागदात शिरत नाहीत ही गोष्ट वेगळी, पण वाकतही नाहीत. मी बाईंना म्हटलं, काळा द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको आणि सासूबाई कौतुकानं बघायला उभ्या राहिल्या. मी पट्ट्याचं एक टोक पायाखाली दाबलं, दुसरं दोन्ही हातांनी धरलं आणि जोर लावला. पट्टा होता तेवढाच राहिला. मीच हळूहळू खाली गेलो. बायकोनं विचारलं, "अहो, हा वाकायचा व्यायाम आहे का?" मी म्हटलं की सुरुवात अशीच असते, आणि शिवाय कुणी बघत असलं की माझी एकाग्रता होत नाही. उद्यापासून मी मागच्या खोलीत एकटाच करीन.

मागच्या खोलीचं दार हे एक प्रकरण आहे. सुतारानं ते उलटं बसवलंय. आत उघडायचं सोडून बाहेर, पॅसेजमध्ये उघडतं, आणि कडीही बाहेरच्याच बाजूला. (सुतार मीच निवडला होता.) आतून बंद करायची काही सोयच नाही. मग मी पट्ट्याचं एक टोक दाराच्या मुठीला बांधलं आणि दुसरं लोखंडी कॉटच्या पायाला. दार असं घट्ट बसलं म्हणता! हेवी ड्यूटी माल शेवटी कामाला येतोच.

कॉट हलू नये म्हणून तिच्यावर काहीतरी वजन हवं. म्हणून मी तिच्यावर आडवा झालो. हा केवळ तांत्रिक मुद्दा होता. अधूनमधून 'हं', 'हुप्प' असे आवाज बाहेर जातील इतपत काढत राहिलो, आणि मग झोप लागली. घोरणं आणि दमलेल्या माणसाचं धापा टाकणं यांत बंद दारातून फारसा फरक कळत नाही. बाहेर आलो तर बायकोनं मायेनं पाणी दिलं, म्हणाली, "एकदम एवढं नका हो करू." असे मोठ्या सुखाचे काही दिवस गेले.

पण सासूबाई म्हणजे मास्तरांची आई. कामचुकार पोरगा त्यांना दाराआडूनही कळतो. माझं पोट तर जागचं हलेना, आणि त्यावर त्यांचा स्वतःचा मुक्काम अवलंबून. एका सकाळी त्या डाव्या हातात चहाचा कप घेऊन बघायला आल्या आणि उजव्या हातानं दार ओढलं. दार चार बोटं उघडलं आणि फाटकन मिटलं. मला जाग आली.

"आई, व्यायाम चाललाय," मी आतून म्हटलं.

"मग दार कशाला धरून ठेवलंय?"

"दाराचाच व्यायाम आहे."

मग दार पुन्हा चार बोटं उघडलं, पुन्हा मिटलं. जावई आपल्याला दार लावून घेतो, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. त्या दिवसापासून त्या रोज यायच्या. आधी नुसतं ओढायच्या. मग कप खाली ठेवून ओढायला लागल्या. मग एक पाय भिंतीला लावून. चार बोटांचं वीतभर झालं, वितीचं हातभर झालं. मी आत कूस बदलून पुन्हा झोपायचो. आतून माझं 'हं', बाहेरून त्यांचं 'हुप्प'. बायको स्वयंपाकघरातून ऐकायची आणि शेजारणीला सांगायची की हे व्यायामाचं इतकं मनावर घेतील असं वाटलं नव्हतं.

दोन महिने संपले. ज्या दिवशी डॉक्टरांकडे जायचं, त्या सकाळी सासूबाईंनी काय जोर लावला देव जाणे. मला स्वप्नात आगगाडीत बसल्यासारखं वाटत होतं. डोळे उघडले तर कॉट माझ्यासकट, उशीसकट, पांघरुणासकट उंबऱ्याला टेकली होती, दार सताड उघडं होतं आणि मुठीला धरून सासूबाई उभ्या होत्या. श्वाससुद्धा लागला नव्हता त्यांना.

"उठा जावईबापू," त्या म्हणाल्या. "आलं तुमचं स्टेशन."

बायकोला मात्र त्यांनी काही सांगितलं नाही. सांगून करतात काय? मी उघडा पडलो की दादा येणार. दुपारभर आम्ही दोघं एकमेकांकडे चोरांसारखे बघत होतो.

संध्याकाळी तिघंही डॉक्टरांकडे गेलो. मी वजनकाट्यावर चढलो. काटा मागच्या वेळेला जिथे थांबला होता तिथे थांबला, जरा विचार केला, आणि पुढे गेला. डॉक्टरांनी आकडा लिहून घेतला. बायकोनं पर्समधून फोन काढला.

"थांब!" सासूबाई ओरडल्या, आणि फोन हिसकायला त्यांनी हात उचलला. उजवा. तो कानाच्या वर गेला, डोक्याच्या वर गेला, भिंतीवरच्या कॅलेंडरला लागला. कॅलेंडर खाली पडलं. हात तसाच वर राहिला, आणि आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो.

डॉक्टरांनी विचारलं, "आजी, हा कुठला व्यायाम केलात?" सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग सगळंच बाहेर आलं. दार, पट्टा, कॉट, उशी. डॉक्टरांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. बायको हसली नाही. तिनं तिथल्या तिथे दादाला फोन लावला आणि आम्हाला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. सासूबाईंनी माझी बाही घट्ट धरली. (पैलवानाची पकड. दंड दोन दिवस दुखत होता.)

मास्तरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अगं, कॉटसकट ओढला ना आईनं त्यांना? मग मी येऊन वेगळं काय करणार?"

सुटलो! आनंदाच्या भरात मी घरी जाताना दोघींना आइस्क्रीम खायला घातलं. थोड्याच दिवसांत मास्तरांकडून आईच्या नावानं एक छोटं पार्सल आलं. आत शिट्टी होती.

मला वाटलं, सासूबाई ती खिडकीतून फेकून देतील. त्यांनी ती पदरानं पुसली, गळ्यात घातली आणि हलकेच एकदा वाजवून बघितली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ऐकण्यापेक्षा वाजवणं बरं वाटतं हो."

आता सकाळी आम्ही दोघंही मागच्या खोलीत असतो, दार उघडं टाकून. काळा पट्टा त्यांचा. माझ्यासाठी बायकोनं पिवळा आणलाय. तोही माझ्याच्यानं पुरता ताणला जात नाही, म्हणून काल गुपचूप दुकानात जाऊन त्या बाईंना विचारलं की पिवळ्याच्या खालचा रंग कोणता. त्या म्हणाल्या, त्याच्या खाली रंग नसतात, काका. त्याच्या खाली केसांना लावायचे रबर.

मी एक घेऊन आलो. सासूबाईंनी ते स्वतःच्या हातानं घातलेल्या वेणीला लावलं, आणि शिट्टी वाजवली.