देवकाचा रकाना

रेणुकाच्या लग्नाचा बायोडाटा सुदुंबऱ्यात तिच्याच लॅपटॉपवर तयार होत होता. नमुना आयता होता. एकेक प्रश्न येई, उत्तर भरलं की पुढचा. कामशेतच्या प्रदीपचं स्थळ मध्यस्थानं आणलेलं. प्रदीप तिच्याच कंपनीत आहे आणि मध्यस्थाला दोघांनीच पाठवलंय, हे तिच्या वडिलांना, निवृत्तीआबांना, ठाऊक नव्हतं.

"आबा, आपलं देवक कुठलं?"

दोन्ही घरांचं देवक, म्हणजे लग्नात पुजायचं कुळाचं झाड-फूल, एक निघालं की सोयरीक होत नाही, हे आबांना पक्कं माहीत होतं. आपलं कुठलं, ते माहीत नव्हतं. त्यांच्या लग्नात ते थोरल्या भावानं पुजलं होतं आणि थोरला भाऊ आता नव्हता.

"रिकामं सोड."

"सोडलं तर पुढं जात नाही. लाल होतंय."

"त्याला कशाला पायजे आपलं देवक?" आबांनी पडद्याकडे संशयानं पाहिलं. "यादीत पयलं काय हाय?"

"उंबर."

"मग उंबर. कोन बघतंय!"

बायोडाटा मध्यस्थामार्फत कामशेतला गेला. संध्याकाळी प्रदीपचा आला. तोच नमुना, तीच गुलाबी किनार. देवक : उंबर.

"अवं, मोडलं की!" आबांच्या पत्नी लीलाबाई म्हणाल्या.

"थांब. आपलं बघून मुद्दाम लिवलंय. नकाराला निमित्त पायजे त्यास्नी."

पण रेणुकाचा उतरलेला चेहरा पाहून आबांनीच मध्यस्थाला फोन केला, "टायपिंगची चूक झालती." यादीतलं दुसरं, कळंब, टाकून नवी प्रत गेली. पाठोपाठ तिकडूनही सुधारलेली प्रत आली. तीही कळंब.

"बघितलंस? आपला माग काढत्यात!" आबा कडाडले. "उद्या नकार कळवून टाकू."

तिकडे प्रदीपचे वडील अंबाजीभाऊ मध्यस्थाला अगदी हेच सांगत होते.

रेणुका फोन घेऊन परसात गेली. "प्रदीप, तुमचं खरं देवक कुठलं रे?"

"कुणाला माहीत! बाबा म्हणाले, पहिलं टाक. मग म्हणाले, दुसरं टाक."

रेणुकानं आवाज खाली आणला. "आता ऐक. आमचं कळंबच राहू दे. तू यादीतलं शेवटचं घे."

अर्ध्या तासात तिकडून सूर्यफूल आलं. लीलाबाई साखर आणायला उठल्या. आबा मात्र पडदा निरखत राहिले.

"दुसऱ्यांदा बदललं. देवक म्हंजी काय सदरा हाय व्हय?"

रेणुका घाईनं म्हणाली, "त्यांचीही टायपिंगची चूक असेल, आबा."

"चूक न्हाई. त्यास्नीबी ठावं न्हाई."

आबांनी सावकाश लॅपटॉप मिटला. "कामशेतला कळवा. स्थळ पसंत हाय."

"आता वो कसं पसंत?" लीलाबाईंनी विचारलं.

"अगं, त्यांचं बिंग आपल्याला फोडता यायचं न्हाई अन् आपलं त्यास्नी. असा व्याही पुन्यांदा घावल व्हय?"